मागचा दिवा कोणासाठी?

दिवाळी आटोपून थंडी पडू लागली की आमच्या हिमायतनगरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. जुनी माणसे या गावाला अजूनही वाढोणा म्हणतात. पैनगंगेच्या अलीकडचा हा भाग मुख्यतः कापूस-सोयाबीनचा. पण जिथे विहिरीला किंवा कालव्याला पाणी आहे तिथे ऊस आहे, आणि ऊस म्हटला की तो कारखान्यापर्यंत पोचविणे आले. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या कडांच्याही वर पुरुषभर रचलेला ऊस आणि ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात लावलेली गाणी, हे दृश्य नांदेड-लातूरपासून कोल्हापूरपर्यंत सारखेच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. परमेश्वराची महाशिवरात्रीची यात्रा जवळ आली होती. मी भोकरहून मोटारसायकलवर घरी येत होतो. अंधार पडून तासभर झाला होता. समोरून एक जीप आली आणि तिच्या झोताने डोळे दिपले. जीप गेली तेव्हा मला पुढे काहीच दिसेना. दिसला तो फक्त गुडघ्याइतक्या उंचीवर रुपयाच्या नाण्याएवढा एक तांबडा ठिपका. कशाचा ठिपका हा विचार करण्यापूर्वीच हाताने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा माझ्यासमोर चार-पाच हातांवर उसाने भरलेली एक ट्रॉली उभी होती. चाक पंक्चर झालेले, ट्रॅक्टर सोडवून गावात नेलेला आणि राखणीला आठवी-नववीतला एक मुलगा बसलेला.

मी खाली उतरून ट्रॉलीची मागची बाजू पाहिली. दिवे दोन होते. एकाची काच फुटलेली. दुसऱ्याची शाबूत होती, पण तिच्यात खाली बोटभर गढूळ पाणी साचले होते व त्यात होल्डर गंजून तांबूस झाला होता. "लाइट हाय सर, पण लागत नाई. पावसाळ्यात पाणी गेलं त्यात," तो मुलगा म्हणाला. मला वाचविणारा ठिपका त्या दिव्यांचा नव्हता. तो होता शेजारच्या एका अर्ध्या तुटलेल्या, चिखलाने माखलेल्या परावर्तकाचा, म्हणजे आपण ज्याला रिफ्लेक्टर म्हणतो त्याचा.

तेव्हापासून ट्रॉलीसाठी कोणता दिवा घ्यावा, या प्रश्नाकडे मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून पाहू लागलो. माझे काही विद्यार्थी शेतकऱ्यांची मुले आहेत, काहींचे वडील ट्रॅक्टर चालवितात. ते विचारतात, "सर, पाणी न जाणारा, टिकणारा दिवा कोणता?" या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराच्या शब्दावर सोडू नये असे माझे मत आहे. दहावीपर्यंतच्या विज्ञानात ते बहुतेक सगळे सापडते.

किती अंतर हवे?

आधी हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटरने कमी होतो असे धरले, तर थांबायला आणखी २८ मीटर लागतात. हे दुसरे अंतर वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट या सूत्राने तुम्हीच काढून पाहा. एकूण झाले ५३ मीटर. आता मोटारसायकलच्या खाली वळविलेल्या झोतात काळपट, न चमकणारी वस्तू दिसते ती ३०-४० मीटरवर. म्हणजे दिवा नसलेली उभी ट्रॉली जेव्हा दिसते, तेव्हा थांबायला पुरेसे अंतर उरलेलेच नसते. अशा अपघातानंतर लोक म्हणतात, "पोरगं भरधाव चालवत होतं." पण हिशेब सांगतो की ताशी ६० ला, पूर्ण सावध असलेला माणूसही तिथे थांबू शकत नाही.

हा फरक भरून काढण्याचे काम मागच्या दिव्याचे आणि परावर्तकाचे. चांगला, स्वच्छ परावर्तक शंभर-दीडशे मीटरवरून सहज दिसतो.

आधी परावर्तक, मग दिवा

माझे पहिले मत हे की खरेदीची सुरुवात दिव्यापासून करू नये, परावर्तकापासून करावी. कारण साधे आहे. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते. ट्रॅक्टर सोडवून नेला की कितीही भारी दिवा विझतो. आणि ट्रॉली सर्वांत धोकादायक असते ती नेमकी तेव्हाच, रस्त्याच्या कडेला एकटी उभी असताना. परावर्तकाला वीज लागत नाही, तार लागत नाही, बटन लागत नाही.

तो काम कसे करतो? कॅरम खेळताना तुम्ही पाहिले असेल की स्ट्रायकर कोपऱ्याजवळ एका कडेवर आणि मग लगेच दुसऱ्या कडेवर आपटला, तर ज्या दिशेने गेला त्याच दिशेला समांतर असा परत येतो. दोन कडा एकमेकींशी काटकोनात असल्यामुळे हे होते. आता खोलीचा कोपरा घ्या. तिथे दोन भिंती आणि जमीन अशी तीन पृष्ठे परस्परांशी काटकोनात असतात. तिन्ही आरशांची असती, तर कोणत्याही बाजूने आलेला किरण तीनदा परावर्तित होऊन आला त्याच दिशेने परत गेला असता. साधा आरसा तिरका असला तर झोत भलतीकडे फेकतो. कोपऱ्याचा आरसा तो ज्याचा त्याला परत करतो. तांबडा परावर्तक हातात घेऊन मागून नीट पाहा. त्यात असे शेकडो चिमुकले कोपरे दिसतील.

हीच युक्ती चंद्रावरही आहे. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी शंभर काचकोपऱ्यांचा परावर्तक चंद्रावर ठेवला. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यावरून परत येतो आणि त्याला लागणाऱ्या वेळेवरून चंद्राचे अंतर मोजले जाते. २०२३ मध्ये उतरलेल्या आपल्या चंद्रयान-३ च्या विक्रम यानावरही असा एक छोटा परावर्तक आहे, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने त्यावर लेसर पाडून परतीचा प्रकाश पकडला. चंद्रावर चालणारी ही वस्तू आपल्या ट्रॉलीला नसावी, याला गरिबीचे कारण पुरत नाही.

पण या परावर्तकाचेही पाण्याशी वाकडे आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. प्लास्टिकच्या परावर्तकात मागे पारा किंवा चांदी लावलेली नसते. आत गेलेला किरण मागच्या पृष्ठावर पूर्ण आंतरिक परावर्तनाने परत फिरतो. प्लास्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ धरला, तर मागे हवा असताना क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश येतो. समोरून आलेला किरण त्या कोपऱ्यांवर सुमारे ५५ अंशांनी पडतो, म्हणून पूर्ण परत फिरतो. आता तडा जाऊन मागे पाणी शिरले असे समजा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे क्रांतिक कोन ६३ अंशांवर जातो. ५५ अंशांचा किरण आता परत न फिरता बराचसा पाण्यात निघून जातो. वरून परावर्तक तांबडा लखलखीत दिसतो, पण रात्री आंधळा असतो. म्हणून परावर्तक घेताना त्याची मागची झाकणी चारी बाजूंनी पक्की जोडलेली आहे का ते पाहावे. खिळा ठोकून त्यातून कधी भोक पाडू नये.

धुळीचेही असेच. धुळीचा थर निम्मा प्रकाश अडवीत असेल, तर प्रकाश त्यातून जाताना एकदा आणि येताना एकदा अडतो. परत मिळतो तो चौथा हिस्सा. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणे हे नवा परावर्तक घेण्याइतकेच मोलाचे.

कोरड्या हंगामात पाणी कुठून येते?

आता तुम्ही म्हणाल, गाळप चालते दिवाळीनंतर आणि पाऊस तर तोवर संपलेला असतो. मग जलरोधक दिवा कशाला? कारण दिवा खराब होतो तो हंगामाच्या आधी. जून ते ऑक्टोबर ट्रॉली उघड्यावर उभी असते. पुढे ओढ्यातून जाणे, शेतातला पाण्याचा चिखल, पहाटेचे दहिवर आणि हंगामाच्या शेवटी पाइप लावून धुणे, हे सगळे आहेच.

शिवाय दिवा पाणी स्वतःच ओढून घेतो. दिवा लागलेला असताना आतली हवा तापते, प्रसरण पावते आणि फटीतून थोडी बाहेर जाते. समजा आतले तापमान ७७ अंश सेल्सिअस झाले. निरपेक्ष मापनात ते ३५०. तोच दिवा ओढ्याच्या २७ अंशांच्या, म्हणजे ३०० निरपेक्ष अंशांच्या पाण्यात बुडाला, तर आतला दाब एक-सप्तमांशाने उतरतो. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो; त्याचा सातवा भाग म्हणजे जवळजवळ दीड मीटर. याचा अर्थ, तापलेला दिवा गुडघाभर पाण्यात बुडाला तरी त्याच्या रबरावर माणूसभर खोल पाण्यात असल्यासारखा ताण येतो.

दिव्याच्या खोक्यावर आय. पी. ही अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात, ते या दृष्टीने वाचायला शिका. पहिला आकडा धुळीसाठी असतो, ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्यासाठी: ५ म्हणजे पाइपच्या धारेला तोंड देणारा, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा, ८ म्हणजे त्याहून खोल व दीर्घकाळ, उत्पादक सांगेल त्या मर्यादेपर्यंत. ट्रॉलीला ६७ पेक्षा कमी घेऊ नये. खोक्यावर नुसते 'वॉटरप्रूफ' लिहिलेले असेल आणि आकडा नसेल, तर तो शब्द शोभेचा समजावा. मात्र ६७ ची कसोटी तापलेल्या दिव्याला गार पाण्यात एकदम बुडवून घेत नाहीत. म्हणून त्यातही ज्याच्या आत हवाच नाही, सगळी पोकळी राळेने भरून टाकली आहे, असा दिवा मी पसंत करीन. आत हवा नाही तर श्वास घेणे नाही, आणि पाणी ओढणेही नाही.

जुन्या पद्धतीच्या, बल्ब बदलता येणाऱ्या दिव्याला खालच्या बाजूस एक बारीक भोक असते. पाणी येते म्हणून अनेक जण ते लांबीने बुजवितात. ही चूक आहे. त्या भोकातून पाणी निघून जाते. ते बुजविले की फटीतून आलेले पाणी आत कोंडते. दिवा एक तर पुरता बंद हवा, नाही तर खालून मोकळा. अर्धवट बंद दिवा सर्वांत लवकर मरतो.

तंतूचा बल्ब की एलईडी?

बल्बमधली टंगस्टनची तार सुमारे अडीच हजार अंशांवर तापलेली असते. बहुतेक ट्रॉल्यांना नावापुरतीच स्प्रिंग असते. खड्ड्यात चाक आदळले की हादरा सरळ त्या मऊ झालेल्या तारेला बसतो. शिवाय तिचा पांढरा प्रकाश तांबड्या काचेतून बाहेर पडताना बराचसा काचेतच शोषला जातो. एलईडीत तार नसते, आणि तांबडा एलईडी मुळातच तांबडा प्रकाश देतो. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा पहिला उपयुक्त एलईडी बनविला तो तांबडाच होता. निळ्यासाठी जगाला आणखी तीस वर्षे थांबावे लागले व त्याला २०१४ चे नोबेल मिळाले. पण ट्रॉलीला हवा तो रंग आपल्याला सर्वांत आधी मिळाला आहे.

आणखी एक फरक. ब्रेक दाबल्यावर बल्बची तार तापून पुरती उजळायला सुमारे एक-पंचमांश सेकंद घेते; एलईडी तात्काळ लागतो. ताशी ६० किलोमीटरला तेवढ्या वेळात मागची गाडी सव्वातीन मीटर पुढे येते. एका म्हशीची लांबीही त्याहून कमी असते.

तरीही एलईडी म्हणजे अमरपट्टा नाही. 'पन्नास हजार तास' हा आकडा आतल्या कणाचा असतो. आपल्याकडे दिवा मरतो तो कणापाशी नाही, जोडापाशी.

खरा रोगी: जोड

दहापैकी किती दिवे बल्ब उडून बंद पडतात आणि किती तारेमुळे, हे तुमच्या गावच्या वायरमनला विचारा. बहुतेक ट्रॉल्यांत एकच तार मागे नेतात आणि परतीचा मार्ग म्हणून ट्रॉलीचे लोखंड वापरतात. पण ट्रॉलीचे लोखंड ट्रॅक्टरला जोडते कोण? जोडणीची एक पिन. ती ग्रीसने माखलेली, गंजलेली आणि दर खड्ड्याला उडणारी. म्हणून परतीसाठी वेगळी तार न्यावी, हे माझे ठाम मत आहे. चार-पाच मीटर तारेचा खर्च तो काय!

जोड ओला राहून गंजला की त्याचा रोध वाढतो. हा रोध १ ओहम आहे असे समजा. १२ व्होल्टवर २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. त्या जोडात दीड व्होल्टच्या आसपास वाया जातात. बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो, त्यामुळे तो ६० टक्क्यांवर येतो. तोच जोड ३ वॅटच्या एलईडी दिव्यात असेल, तर प्रवाह पाव अँपिअर आणि नुकसान फक्त पाव व्होल्ट. कमी प्रवाह घेणारा दिवा खराब जोडही सहन करतो, हा एलईडीचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो. तरी जोड नुसता पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नये. डाख द्यावा, वर तापवून आवळणारी नळी चढवावी आणि तो खाली तोंड करून ठेवावा, म्हणजे पाणी निथळेल.

आणि शेवटी जागा. उत्तम दिवा घेतला आणि त्यावर उसाची टोके लोंबत राहिली, तर सगळा खटाटोप फुकट. दिवा व परावर्तक ट्रॉलीच्या अगदी मागच्या आडव्या पट्टीवर, दोन्ही टोकांना असावेत, म्हणजे रुंदीही कळते. ऊस भरून झाल्यावर मागे जाऊन एकदा पाहावे.

दिसतो कोणाला?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ट्रेलरच्या मागे दोन्ही बाजूंना तांबडे परावर्तक हवेतच. हंगामाच्या सुरुवातीला परिवहन खाते आणि कारखाने पट्ट्या चिकटविण्याचे कार्यक्रमही घेतात. मग तरीही अंधाऱ्या ट्रॉल्या का दिसतात? मला वाटते, याचे कारण असे की या दिव्याचे पैसे ज्याने द्यायचे, त्याला तो कधीच दिसत नाही. गाण्याची पेटी मालकाला ऐकू येते, पुढचा दिवा चालकाला रस्ता दाखवितो. मागचा दिवा मात्र कोणा अनोळखी माणसासाठी असतो. तो विझला तरी ट्रॅक्टर तसाच चालतो, ऊस तसाच पोचतो. त्यामुळे पैसे असूनही तो मागे पडतो.

ज्याचा फायदा परक्याला होतो ती गोष्ट केवळ सदिच्छेवर सोडून चालत नाही, असे माझे मत झाले आहे. माझी सूचना अशी. प्रत्येक ट्रॉली कारखान्यावर वजनकाट्यावर जातेच. तिथे वजनाआधी एका माणसाने तीस पावलांवरून टॉर्च मारावी. दोन्ही परावर्तक चमकले आणि दोन्ही दिवे लागले की ट्रॉली आत. नसतील तर तिथेच मालकाच्या खर्चाने परावर्तक बसवून मग आत. याला एक मिनिट लागेल. रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीला एक मिनिट जड नाही. टायरच्या बैलगाड्यांना तर दिवा नसतोच. त्यांना ही तपासणी दुप्पट गरजेची.

तुम्ही काय कराल? टॉर्च कपाळाशी, डोळ्यांच्या अगदी जवळ धरा आणि उभ्या ट्रॉलीवर मारा. हात लांब करून धराल तर परावर्तक फिका दिसेल. का, ते कॅरमच्या उदाहरणावरून ओळखा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बादलीची कसोटी करा: १२ व्होल्टच्या बॅटरीवर दिवा अर्धा तास लावून ठेवायचा, विझवून लगेच गार पाण्यात अर्धा तास बुडवायचा, पुसून उन्हात ठेवायचा आणि आतून काचेवर धुके धरते का ते पाहायचे. ही कसोटी शिक्षकांच्या देखत करा, आणि घरातल्या विजेवर कधीही करू नका. आम्ही महाविद्यालयात ती केली तेव्हा नवाकोरा, 'वॉटरप्रूफ' लिहिलेला एक दिवा पहिल्याच बुडीत पाणी प्यायला, आणि राळेने भरलेला एक दिवा पाचव्या बुडीनंतरही कोरडा होता. पहिला स्वस्त होता हे खरे. पण दर पावसाळ्यानंतर तो नवा घ्यायचा, तर तिसऱ्या वर्षी तोच महाग पडतो.

या हंगामात एका संध्याकाळी, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, मोठ्या माणसांसोबत उभे राहा आणि वीस ट्रॉल्या मोजा. किती ट्रॉल्यांचे दोन्ही दिवे लागलेले होते, किती परावर्तक चमकले, किती उसाखाली झाकलेले होते, याचा तक्ता करून तो शाळेच्या फलकावर लावा आणि एक प्रत कारखान्याला पाठवा. आणि ट्रॉली तुमच्याच घरची असेल, तर मोजणीची सुरुवात तिच्यापासून करा.